समोर कोण होतं?

मामाला कुणाच्याही शतकाची बातमी द्या, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "समोर कोण होतं?"

शाळेत असताना मला वाटायचं, तो गोलंदाजांबद्दल विचारतोय. मग मी पाठांतर म्हणून दाखवल्यासारखी नावं सांगायचो. लिली, थॉमसन, इम्रान, विलिस. मामा अडकित्त्यात सुपारी धरून नुसती मान हलवायचा आणि विषय सोडून द्यायचा. त्या मान हलवण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

परवा जेवताना मुलीनं विचारलं, "बाबा, वेस्ट इंडीजचा सगळ्यात भारी बॅट्समन कोण?" तिच्या ऑफिसात पैज लागली होती. तिचं स्वतःचं उत्तर तयार होतं, ख्रिस गेल. २०१३ साली आयपीएलमध्ये त्यानं पुणे वॉरियर्सला ६६ चेंडूंत नाबाद १७५ असं धुतलं, तेव्हा ती शाळेत होती, आणि आपल्या पुण्याला मारलं म्हणून रडली होती. रडवणारा माणूस मोठा वाटतोच. मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नाचं माझं उत्तर दोनदा बदललंय. दर वेळी बदललं ते मामामुळे.

मामाचा जन्म १९३६चा. "मी आणि सोबर्स एका वर्षाचे," हे तो वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्सबद्दल अशा थाटात सांगायचा की दोघं दादरच्या एका शाळेत एका बाकावर बसत असावेत. १९४८च्या डिसेंबरात आजोबांनी त्याला ब्रेबॉर्नवर नेलं. वेस्ट इंडीजचा संघ पहिल्यांदाच भारतात आला होता. आजोबा खरं म्हणजे जॉर्ज हेडलीला बघायला निघाले होते. पण हेडली दिल्लीची एकच कसोटी खेळला आणि दुखापतीमुळे उरलेल्या मालिकेत उतरलाच नाही. आजोबा हळहळत बसले, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या बारा वर्षांच्या पोराला त्या दिवशी एव्हर्टन वीक्स दिसला. वीक्सनं १९४ केले. पोराला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण सत्तरी उलटल्यावरही मामा भरल्या ताटावरून उठून वीक्सचा कट करून दाखवायचा आणि मामी म्हणायची, "अहो, आमटी सांडेल."

वीक्सचे ते दिवस खरोखर अचाट होते. जमैकात इंग्लंडविरुद्ध १४१, मग दिल्लीत १२८, मुंबईत १९४, कोलकात्यात एकाच सामन्यात १६२ आणि १०१. लागोपाठ पाच कसोटी डावांत पाच शतकं. सहाव्या डावात मद्रासला तो ९० धावांवर धावचीत झाला. मामा मद्रासला गेलेला नव्हता, तरी वीक्स आउट नव्हता हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या पाचांतल्या पहिल्या शतकाची गोष्ट मला पुष्कळ नंतर वाचायला मिळाली. जमैकाच्या त्या कसोटीसाठी वीक्सला वगळलं होतं. ऐनवेळी हेडली जायबंदी झाला म्हणून वीक्सला बोलावून घेतलं. किंग्स्टनच्या लोकांना आपल्या बेटावरचा खेळाडू हवा होता, त्यांनी या बार्बेडोसच्या पोराची हुर्यो उडवली. त्यानं १४१ करून ती बंद केली. म्हणजे हेडली दोनदा खेळला नाही, आणि दोन्ही वेळा त्या रिकाम्या जागेत लोकांना वीक्स दिसला.

माझं पहिलं उत्तर अर्थातच व्हिव्ह रिचर्ड्स. १९८३च्या नोव्हेंबरात मामानं मला वानखेडेवर नेलं. मी चौदा वर्षांचा. जूनमध्ये आपण वर्ल्ड कप जिंकला होता, कपिलनं मागे धावत जाऊन रिचर्ड्सचा झेल घेतला होता, आणि आता ती माणसं हिशेब चुकता करायला आली होती. रिचर्ड्स बाद झालेल्या खेळाडूच्या मागोमाग घाईनं येत नसे. मैदान थोडा वेळ रिकामं राहू द्यायचा. मग पॅव्हेलियनमधून मरून टोपी बाहेर पडायची. हेल्मेट नाही. जबडा च्युइंगमवर हलतोय, खांदे सैल, मधूनच बॅटच्या मुठीच्या टोकावर तळव्यानं एक थाप. क्रीजवर पोचेपर्यंत आमच्या स्टँडमधल्या अर्ध्या लोकांनी सामना मनातल्या मनात सोडून दिलेला. त्यानं १२० केले. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू पाय टाकून मिडविकेटला मारायचा, जणू रस्त्यात आडवी आलेली वस्तू बाजूला सारतोय. आमच्या शाळेतल्या सरांनी तसा फटका बघितला असता तर कोपरावर पट्टी मारली असती.

घरी येताना लोकलमध्ये मी फुगलो होतो. "मामा, याच्यासारखा कुणी झाला नाही."

"समोर कोण होतं?"

"कपिल!" मी म्हटलं. नुकतंच अहमदाबादला कपिलनं एका डावात नऊ बळी घेतले होते. याहून मोठा पुरावा काय द्यायचा? मामानं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसला.

आमचं भांडण तेव्हापासून. मी आकडे मानत नव्हतो, कारण आकडे माझ्या बाजूचे नव्हते. हेडली ६०.८३, वीक्स ५८.६१, सोबर्स ५७.७८, वॉलकॉट ५६.६८, आणि रिचर्ड्सची कारकीर्द संपली तेव्हा सरासरी ५०.२३. पुढे आलेले लारा आणि चंदरपॉलही त्याच्या वरच राहिले. मी म्हणायचो, सरासरी काढणं हे कारकुनाचं काम. मामा रेल्वेत कारकून होता. तो हसायचा.

पण रिचर्ड्स आकड्यांत मावत नाही हे मी आजही म्हणेन. १९७४ साली बंगळूरला पहिल्याच कसोटीत चंद्रशेखरनं त्याला ४ आणि ३ धावांवर उडवलं, पुढच्या कसोटीत दिल्लीला तो नाबाद १९२. दोन वर्षांनी इंग्लंडचा कर्णधार टोनी ग्रेग, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला गोरा माणूस, टीव्हीवर म्हणाला की या लोकांना आम्ही लोळण घ्यायला लावू. ते वर्णभेदाच्या राजवटीचे दिवस. रिचर्ड्सनं त्या मालिकेत चारच कसोटी खेळून ८२९ धावा केल्या, ओव्हलला २९१. पुढे त्याच आफ्रिकेत, बहिष्कार मोडून, बंडखोर संघातून खेळायला भरमसाट पैसा पुढे केला गेला, तो त्यानं नाकारला. मनगटावरच्या पट्टीत लाल, सोनेरी, हिरवा असे रंग असायचे. गोलंदाजाकडे तो ज्या नजरेनं बघायचा तिच्यात हे सगळं असायचं. लॉरेन्स रो मात्र गेला. पदार्पणात २१४ आणि नाबाद १००, ब्रिजटाउनला इंग्लंडविरुद्ध ३०२, बॅटिंग करताना शीळ घालणारा रो. त्याला गवताचीच ॲलर्जी होती, दैवाची थट्टा म्हणतात ती हीच. १९८३ साली बंडखोरांचा कप्तान म्हणून तो गेला आणि ज्या जमैकानं त्याला डोक्यावर घेतलं होतं तिथे त्याला तोंड दाखवणं अवघड झालं. मला रो आवडतो, आणि हे मी दर वेळी थोडं खाली बघून सांगतो.

मामाचा प्रश्न उलगडला तो १९९९च्या मार्चमधल्या एका रात्री. वेस्ट इंडीजचे वासे तेव्हा फिरले होते. आफ्रिकेत पाचही कसोट्या हरून आलेले, मग त्रिनिदादला ऑस्ट्रेलियासमोर सगळे मिळून ५१. कप्तान लारा, आणि त्याला हाकला म्हणणारे जिकडेतिकडे. किंग्स्टनला त्यानं २१३ करून बरोबरी साधली. ब्रिजटाउनला शेवटच्या डावात ३०८ हव्या होत्या. मॅग्रा, गिलेस्पी, वॉर्न. १०५ला पाच गेले. आमच्याकडे रात्र चढत होती, मामी केव्हाच झोपलेली, टीव्हीचा आवाज अगदी बारीक. लारा मारतोय, दुसरीकडे माणसं येताहेत आणि जाताहेत. २४८ला आठ. मग ॲम्ब्रोज आला आणि खांबासारखा उभा राहिला. लाराचा एक झेल हीलीच्या हातून सुटला. सहा धावा राहिल्या असताना ॲम्ब्रोजही गेला आणि वॉल्श आला. कसोटीत शून्यावर बाद होण्यात ज्यानं नाव कमावलं होतं तो वॉल्श.

मी लाराकडे बघत होतो. मामा म्हणाला, "त्याच्याकडे काय बघतोस? समोर बघ."

वॉल्शनं पाच चेंडू खेळले. एक बाहेरचा त्यानं मोठ्या ऐटीत सोडून दिला, बॅट उंच धरून, जणू हे रोजचंच. त्याची धाव एकही नाही. मग लारानं गिलेस्पीला कव्हरमधून चौकार मारला. नाबाद १५३. माणसं मैदानात घुसली. आम्ही दोघांनी मामीच्या भीतीनं टाळ्या न वाजवता नुसते हात हलवले.

"मी इतकी वर्षं तुला हे विचारत होतो," मामा म्हणाला. "बोलिंग कुणाची होती ते पेपरात येतं रे."

त्यानंतर मी वेस्ट इंडीजचे सगळे मोठे डाव पुन्हा वाचायला घेतले, दुसऱ्या टोकाकडून. बघतो तर गोष्टी वेगळ्याच दिसायला लागल्या.

१९५८, किंग्स्टन. एकवीस वर्षांचा सोबर्स पाकिस्तानविरुद्ध हटनच्या ३६४च्या विक्रमापुढे जातो, ३६५ नाबाद. समोर क्लाइड वॉलकॉट, ८८ नाबाद. वीक्स, वॉरेल आणि वॉलकॉट हे तिघं ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलपासून मैलभराच्या आत, दीड वर्षाच्या अंतरानं जन्मलेले. मोठ्या शाळेत शिकलेला वॉलकॉट. आणि वीक्स इतका गरीब की मैदानाच्या भिंतीला लागून राहायचा, पण तिथल्या गोऱ्यांच्या क्लबात त्याला सभासद होता येत नव्हतं, म्हणून माळ्याच्या हाताखाली खेळपट्टीवर राबायचा. वॉलकॉटनं १९५५ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका मालिकेत पाच शतकं ठोकली, तरी तिघांत त्याचं नाव शेवटी घेतात. तो सोबर्सच्या समोर उभा होता, हेही कुणाला आठवत नाही. आणि तोच वॉलकॉट मधल्या काळात गयानातल्या उसाच्या मळ्यांवर क्रिकेट शिकवायला, वाढवायला गेला. त्या मळ्यांतून कन्हाय आला, बुचर आला, सॉलोमन आला.

रोहन कन्हायवर थोडं थांबायला हवं. बर्बिसमधल्या पोर्ट मोरँट या एका उसाच्या वस्तीतून इतके कसोटीपटू निघाले की पाण्यात काही असावं असं वाटतं, कालिचरणही तिथलाच. गिरमिटियांची जहाजं गयानाला निघायची ती मुख्यतः कोलकात्याहून. त्या मजुरांच्या वंशातला पोरगा १९५८ संपता संपता कोलकात्यात आला आणि ईडन गार्डन्सवर त्यानं २५६ केले. स्वीप मारताना कन्हाय इतका झोकून द्यायचा की फटक्याच्या शेवटी पाठीवर पडलेला असायचा, चेंडू सीमेपार आणि फलंदाज आकाशाकडे बघतोय. सुनील गावसकरनं मुलाचं नाव रोहन ठेवलं ते याच्यावरून. आपल्याकडे मुलांची नावं आजोबांवरून ठेवतात, देवांवरून ठेवतात. बर्बिसच्या मळ्यातल्या माणसावरून ठेवलेलं नाव मुंबईत त्यानं सांभाळलं, याचं मला अजून अप्रूप आहे.

आणि आता १९७५ची लॉर्ड्सवरची वर्ल्ड कप फायनल. क्लाइव्ह लॉइडचं शतक सगळ्यांना पाठ. चष्मा, वाकलेले खांदे, जडशीळ बॅट, लिलीला स्क्वेअर लेगवरून सिक्सर. तीन बाद ५० असताना तो आला. समोर कोण होतं? कन्हाय. एकोणचाळीस वर्षांचा, केस पांढरे, ऐनवेळी संघात घेतलेला. पाठीवर पडून स्वीप मारणारा तो माणूस त्या दिवशी अकरा षटकं एकही धाव न करता उभा राहिला. १४९ धावांची भागी झाली. कन्हाय ५५. हे कळल्यावर मी लॉइडला कमी लेखलं नाही, पण ते शतक मला दोघांचं वाटायला लागलं. लॉइड स्वतः नऊ वर्षांपूर्वी ब्रेबॉर्नवर पहिली कसोटी खेळला तेव्हा विजयाच्या धावा काढताना त्याच्यासमोर सोबर्स होता. एक नाबाद ७८, दुसरा नाबाद ५३. मामा त्या दिवशी रजा टाकून गेला होता.

सोबर्सच्या बाबतीत समोरचं टोक कायम थोडं दुखरं राहिलं. त्याचा जिवलग दोस्त कॉली स्मिथ १९५९ साली इंग्लंडमध्ये मोटारीच्या अपघातात गेला. गाडी सोबर्स चालवत होता. यापुढे आपल्याला दोघांच्या वाटणीचं खेळायचंय, असं त्यानं मनाशी धरलं, हे त्यानंच नंतर सांगितलंय. मग १९६६चं लॉर्ड्स बघा. पाच बाद ९५, आघाडी जेमतेम नऊ धावांची. सोबर्ससमोर येतो त्याचा चुलत भाऊ डेव्हिड होल्फर्ड, दुसरीच कसोटी खेळणारा. सोबर्सनं त्याला लपवलं नाही, उलट पहिल्यापासून खेळू दिलं. २७४ धावा, दोघंही नाबाद. सोबर्स १६३, होल्फर्ड १०५. अशा माणसाच्या फलंदाजीचं माप काढायचं कसं, जो त्याच मालिकेत वीस बळीही घेतो? मामाचं उत्तर सोबर्स हेच होतं, अखेरपर्यंत. वयाचा अभिमान धरला तरी ते उत्तर चुकीचं म्हणता येत नाही. १९७१ साली वाडेकरच्या संघानं वेस्ट इंडीजला त्यांच्या घरात पहिल्यांदा हरवलं तेव्हा दादरला पेढे वाटले गेले, आपला मडगावचा सरदेसाई आणि मुंबईचा गावसकर यांच्या धावा मोजून मोजून लोक थकले, त्या गर्दीत मामा एकटा म्हणत होता, "सोबर्सनंपण तीन शतकं मारलीत हं."

ग्रीनिज आणि हेन्स या सलामीच्या जोडीचं वेगळंच. या दोघांना समोर कोण होतं हे विचारावंच लागत नाही. एकत्र ६४८२ धावा. ग्रीनिज लंगडायला लागला की जास्त मारतो अशी दंतकथा होती. १९८४ला लॉर्ड्सवर शेवटच्या दिवशी ३४२ हव्या असताना त्यानं नाबाद २१४ करून सामना जिंकून दिला, तेव्हा समोर गोम्स होता, नाबाद ९२. गोम्स! अबोल, कुणाच्या भिंतीवर ज्याचा फोटो नव्हता असा. त्या संघात सगळे वाघ होते आणि एक माणूस होता जो वाघांना जेवण वेळेवर मिळतंय का ते बघायचा.

माझ्या रिचर्ड्सचं काय झालं? या नव्या तपासणीत तो थोडा खाली आला. तो बाद झाला तर पुढे लॉइड, दुजाँ, आणि सगळेच कोसळले तरी मार्शल, होल्डिंग, गार्नर शंभर-दीडशेत समोरच्यांना गुंडाळायला बसलेले. श्रीमंताच्या घरचा उधळेपणा होता तो, देखणा, पण मागे तिजोरी होती. मग मला १९८४चा ओल्ड ट्रॅफर्डचा एकदिवसीय सामना आठवायचा. सात बाद १०२, नऊ बाद १६६. शेवटचा होल्डिंग येतो. दोघं मिळून १०६ करतात, त्यातल्या होल्डिंगच्या १२. रिचर्ड्स नाबाद १८९. तिजोरी रिकामी असतानाही तो तसाच मारत होता, हे त्यानं एकदा तरी दाखवून ठेवलं. मामासमोर मी हा डाव नेहमी हुकमाच्या एक्क्यासारखा टाकायचो. मामा म्हणायचा, "बरं, एक दिलं."

लाराला हे रोज करावं लागलं. २००१ साली श्रीलंकेत तीन कसोटींत ६८८ धावा, एका सामन्यात २२१ आणि १३०, आणि संघ तिन्ही कसोट्या हरला. मुरलीला कव्हरमधून, मिडविकेटवरून, जिथून हवं तिथून, आणि दुसऱ्या टोकाला रांग लागलेली. मामा म्हणाला, "हा माणूस भजन म्हणतोय आणि टाळकरी झोपलेत." २००४ला अँटिगावर त्यानं नाबाद ४०० केले तेव्हा संघ आधीच्या तीन कसोट्या हरून बसला होता आणि तो सामना अनिर्णित राहिला. विक्रमासाठी खेळला अशी टीका झाली. मलाही तो डाव फारसा आवडत नाही, खरं सांगायचं तर. १५३ देईन त्याच्या बदल्यात दोनदा.

माझं दुसरं उत्तर लारा होतं. तिसरं उत्तर मला आजोबांपर्यंत घेऊन गेलं.

जॉर्ज हेडली पनामात जन्मला. बाप बार्बेडोसचा, कालव्याच्या कामावर गेलेला, आई जमैकाची. पोरगा स्पॅनिश बोलत मोठा होतोय म्हणून दहाव्या वर्षी त्याला इंग्रजी शिकायला जमैकात धाडलं. पुढे अमेरिकेत दंतवैद्यक शिकायचं ठरलं. कागदपत्रं यायला उशीर झाला. त्या रिकाम्या दिवसांत इंग्लंडहून आलेल्या एका संघाविरुद्ध त्याला खेळवलं आणि त्यानं २११ केले. दात राहिले बाजूला. १९३०च्या पहिल्या कसोटीत १७६, त्याच मालिकेत जॉर्जटाउनला दोन्ही डावांत शतकं, किंग्स्टनला २२३. लोक त्याला काळा ब्रॅडमन म्हणत. वेस्ट इंडीजमधले म्हणत, ब्रॅडमन हा गोरा हेडली.

एक आकडा मी स्वतः धावफलक मांडून मोजला. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत वेस्ट इंडीजच्या सगळ्या फलंदाजांची मिळून कसोटी शतकं झाली १५. त्यातली हेडलीची १०. उरलेल्या पाचांत दोन एकट्या क्लिफर्ड रोचची. १९३९ला लॉर्ड्सवर हेडलीनं १०६ आणि १०७ केले. लॉर्ड्सच्या कसोटीत दोन्ही डावांत शतक करणारा तो पहिला. संघ आठ गड्यांनी हरला.

समोर कोण होतं? कुणीच नव्हतं. आणि हे नुसतं धावांपुरतं नव्हतं. या बेटांच्या संघाचा कप्तान गोराच असायचा. हेडलीला १९४८ साली एका कसोटीपुरतं कप्तान केलं, तेही त्याच्याच बेटावर नव्हे, बार्बेडोसला. पूर्ण मालिकेसाठी काळा कप्तान नेमायला १९६० उजाडलं, फ्रँक वॉरेल. दोनच वर्षांनी बार्बेडोसला आपल्या नरी काँट्रॅक्टरच्या डोक्यावर चेंडू बसला तेव्हा रक्त द्यायला हा कप्तान पुढे आला, आपले बोर्डे आणि नाडकर्णी यांच्याबरोबर. वॉरेलची सरासरी पन्नाशीला थोडी कमी पडते. पडू दे.

हेडलीला मी बघितलेलं नाही. मामानं नाही. आजोबा तिकीट काढून गेले आणि त्यांनाही तो दिसला नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणाच्याच नजरेला न पडलेला माणूस मी आज पहिला मांडतो. मुलीनं फोनवर शोधून काही सेकंदांची धुरकट फीत काढली. मागच्या पायावर जाऊन एक फटका, टोपी, लांब बाह्या, आणि संपलं. ती म्हणाली, "बाबा, एवढ्यावर तू गेलला खाली टाकलंस?"

मी तिला चंदरपॉल आठवतो का विचारलं. १९९४ला अँटिगावर लारा सोबर्सच्या ३६५च्या पुढे गेला आणि खुद्द सोबर्स मैदानात येऊन त्याला भेटला, तेव्हा समोर उभा होता तो हा, पहिलीच मालिका खेळणारा किडकिडीत मुलगा. खेकड्यासारखा तिरका उभा राहायचा, छाती गोलंदाजाकडे. पुढची वीस वर्षं तो बहुतेक समोरच होता, कुणाच्या ना कुणाच्या. २००२ साली आपल्या गोलंदाजांनी एक मालिका जवळजवळ पंचवीस तास त्याला बाद करायचा प्रयत्न करण्यात घालवली. १६४ कसोटी, ११,८६७ धावा. लाराच्या विक्रमी बेरजेला ८६ कमी असताना २०१५ साली त्याला वगळलं. निवड समितीचा अध्यक्ष लॉइड, त्याच्याच गयानाचा.

"तू बघितलंयस त्याला," मी म्हटलं. २०१३च्या नोव्हेंबरात मी तिला वानखेडेवर नेलं होतं, सचिनच्या शेवटच्या कसोटीला. मामा त्याआधीच गेला होता. पहिली बॅटिंग वेस्ट इंडीजची. तेहतीस हजार लोकांना एकच घाई, हे लवकर आउट होऊ देत म्हणजे सचिन येईल. प्रत्येक बळीला सण. त्या गदारोळात चंदरपॉल आला. ती त्याची १५०वी कसोटी होती. त्यानं यष्टीवरची बेल उचलली, क्रीजवर गार्ड घेतलेल्या जागी टेकवली आणि बॅटच्या मुठीनं ठोकली, सावकाश, एखादा सुतार खुंटी ठोकतो तशी. मग बेल परत जागच्या जागी ठेवली.

"बाबा, तो काय करतोय?" तिनं विचारलं होतं. मी सांगायला लागलो तोवर ती ड्रेसिंग रूमकडे बघायला लागली, सगळ्यांसारखी. मीही बघितलं. चंदरपॉलच्या समोर कोण होतं, ते आता काही केल्या आठवत नाही.